बेबीताईंच्या कानासाठी प्रार्थना

चर्चच्या अख्ख्या मंडळीत कोणाच्या तोंडातले किती दात स्वतःचे आणि किती बनवून घेतलेले, हे एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि जीव गेला तरी तो ते कोणाला सांगणार नाही अशी त्याची ख्याती होती. त्याला सगळे दातवाले म्हणायचे. दातांच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली होती, तिथे बसून ते कवळ्या करायचे. पुढच्या खोलीत डॉक्टर माप घ्यायचे, मागच्या खोलीत दातवाले त्या मापात प्लास्टर ओतायचे, गुलाबी मेणाच्या हिरड्या घडवायचे आणि त्यात एकेक दात असा बसवायचे की जन्मदात्या आईलाही ओळखू येऊ नये. दिवसभर त्या धुळीत बसून त्यांच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. रस्त्यात गिऱ्हाईक भेटलं तर ते त्याच्या तोंडाकडे बघायचेच नाहीत, कपाळाकडे बघून बोलायचे. एका बाईची कवळी तर अशी, की तिच्या नवऱ्यालाही अजून पत्ता नव्हता. आणि तो नवरा रविवारी उपासनेला दातवाल्यांच्या शेजारीच बसायचा.

"आपल्याकडून बायकोलासुद्धा काही कळत नाही," असं ते छाती पुढे काढून म्हणायचे.

"कळलं नाही म्हणून तर संसार झाला," असं त्यांची बायको म्हणायची.

तर असा हा माणूस. ह्या माणसाने पुढे जे केलं ते दुसऱ्या कोणी केलं असतं तर आपण म्हटलं असतं, जाऊ दे, जिभेला हाड नाही बिचाऱ्याच्या. दातवाल्यांच्या बाबतीत ती सोयही नव्हती.

त्यांचा दुसरा लौकिक होता प्रार्थनेचा. दर बुधवारी संध्याकाळी आळीपाळीने एकेकाच्या घरी प्रार्थनासभा भरायची, आणि तिथे एक रीत होती. शास्त्रातला एक उतारा ठरवायचा, आठवडाभर तो अंगी बाणवायचा, आणि पुढच्या बुधवारी प्रत्येकाने सांगायचं की आपण तो कसा पाळला. नुसतं वाचून पान उलटायचं नाही. बहुतेकांची ह्या वेळेला त-त-प-प व्हायची. दातवाल्यांची मात्र कळी खुलायची. लहानसहान गोष्टीत इमान राखण्याचा उतारा निघाला, तेव्हा त्यांनी कवळीखाली राहिलेल्या एका बारीकशा खड्याची गोष्ट सांगितली होती. तो खडा कोणाला दिसला नसता, पण त्यांनी कवळी परत फोडली आणि नवी केली. पाळकसाहेबांनी ती गोष्ट रविवारच्या संदेशात घेतली. तेव्हापासून तर दातवाले हरभऱ्याच्या झाडावरून खाली उतरायचं नाव घेत नव्हते. आणि प्रार्थना करायला लागले की आवाज असा भरून यायचा, मध्येच असा थांबायचा, की बेकरीवाल्या काकू पदर डोळ्यांना लावायच्या.

बेबी ही त्यांची धाकटी बहीण. नाव काहीतरी चांगलं भारदस्त होतं, पण पन्नाशी उलटली तरी ती घरात बेबी आणि मंडळीत बेबीताई. लग्न केलं नाही. वाचनालयात नोकरी करायची, पुस्तकांना कव्हरं घालायची, कुजबुजणाऱ्यांना गप्प करायची. पण तिचा जीव होता गायनमंडळात. तरुणपणापासून मंडळीचं गायनमंडळ तीच बसवायची. बेसुऱ्या माणसालाही ती कधी हाकलायची नाही. त्याला दोन सुरेल माणसांच्या मध्ये उभं करायची आणि म्हणायची, "तुम्ही तोंड हलवा, बाकी देव बघून घेईल."

एक दिवस दुपारी ती दातवाल्यांच्या त्या मागच्या खोलीत आली. स्टुलावर बसली. दातवाले एका कवळीची कड घासत होते. त्यांनी घासायची मोटार बंद केली, कवळी पाण्यात टाकली, आणि काहीतरी विचारलं. ती नुसती बघत राहिली.

"दादा, जरा ह्या बाजूला येऊन बोल ना."

"का गं? मोटारीच्या आवाजात ऐकू नाही आलं?"

"मोटार बंद आहे, दादा."

मग तिने सांगितलं. उजवा कान गेला होता. हळूहळू गेला, आता त्यात नुसता सूं सूं आवाज. डॉक्टर म्हणाले, तो काही परत यायचा नाही, पण डावा ठणठणीत आहे. "मी खालच्या सुराच्या बायकांना डावीकडे उभं केलंय," ती म्हणाली. "त्यांना सांगितलं, तिथे उजेड चांगला आहे. कोणाच्या लक्षातही आलं नाही. मंडळीच्या वर्धापनदिनाचं गीत तेवढं होऊ दे. चार सुरांचं आहे, किती महिने घासतेय मी. ते झालं की मी स्वतःच उभी राहून सांगेन आणि मंडळ पियानोवालीच्या हातात देईन. पण मी सांगेन, दादा. माझ्या तोंडाने. तोवर कोणाला नाही. वहिनीलाही नाही."

"वेडी का काय! अगं, तुझी वहिनी काय..."

"कोणालाही नाही. एकदा कळलं ना, की सगळे मला प्रेमाने मारतील."

"मला सांगतेस हे? मला?" दातवाले म्हणाले. "ह्या खोलीतून आजवर काही बाहेर गेलंय?"

ती हसली. "म्हणून तर इथे आले."

जाताना तिने त्यांच्या भुवयांवरची धूळ हाताने झटकली, लहानपणी झटकायची तशी. दातवाल्यांना फार भरून आलं. त्यांनी मनाशी ठरवलं, काय वाट्टेल ते होवो. आणि ते ठरवणं खोटं नव्हतं.

पुढचा बुधवार बेकरीवाल्या काकूंच्या घरी होता. बेबीताई बुधवारी उशिरापर्यंत वाचनालयात असायची, त्यामुळे सभेला ती नसायची. खुर्च्या कमी पडल्या म्हणून बेकरीतल्या रिकाम्या पिठाच्या डब्यांवर उश्या ठेवून माणसं बसली होती. उतारा होता एकमेकांची ओझी वाहण्याविषयीचा. निवृत्त पोस्टमास्तर सगळ्यांत आधी उठले. त्यांनी शेजाऱ्याचं लोखंडी कपाट जिन्याने वर चढवलं होतं, अक्षरशः वाहिलं होतं, आणि आता कंबरेला पट्टा बांधून आले होते. पट्टा त्यांनी सदरा वर करून दाखवलासुद्धा. माणसं हसली, टाळ्या पडल्या. मग एका बाईने सांगितलं की जिच्याशी बोलणं बंद होतं त्या जावेच्या आजारपणात ती तिच्या घरी राहिली. सगळे गहिवरले. मग दातवाल्यांची पाळी आली.

खोटं कशाला बोला, त्या आठवड्यात दातवाल्यांनी कोणाचंही काहीही वाहिलं नव्हतं. त्यांनी प्लास्टरच्या गोणीवरून काहीतरी ओढूनताणून सांगायला घेतलं. गोणी जड असते, पण दोघांनी धरली की हलकी होते, वगैरे. पोस्टमास्तरांनी जांभई दिली, तीही तोंडावर हात न ठेवता. कोणीतरी पाणी मागितलं. दातवाले खाली बसले तेव्हा त्यांचे कान गरम झाले होते. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

मग प्रार्थना सुरू झाली. डोळे मिटलेले, माना खाली. दोघातिघांनी थोडक्यात आटोपलं. मग दातवाल्यांनी सुरुवात केली.

"हे प्रेमळ पित्या, ह्या आठवड्यात तू माझ्याही हातात एक ओझं दिलंस. ते मी कोणाला दाखवलं नाही."

इथवर ठीक होतं. इथे आमेन म्हटलं असतं तर ही गोष्ट झालीच नसती. पण खोलीतली चुळबुळ थांबली होती. पाण्याचा पेला कोणीतरी हळूच खाली ठेवला, ते दातवाल्यांना ऐकू आलं.

"ते माझ्या जिवाभावाच्या माणसाचं ओझं आहे, प्रभू."

काकूंनी "हो प्रभू" म्हटलं. आणि दातवाल्यांचा आवाज भरून आला. खरोखर भरून आला, नाटक नव्हतं ते. बहिणीचा चेहरा डोळ्यांपुढे होता. पण त्याच वेळी त्यांना हेही कळत होतं की आवाज छान लागलाय.

"जिने सबंध आयुष्य तुझी स्तुती गाण्यात आणि गाऊन घेण्यात घालवलं, तिचंच ऐकणं तू..." इथे ते थांबले. ह्या थांबण्यावर पुढे त्यांनी किती विचार केला त्याला गणती नाही. कारण ह्या थांबण्यात त्यांना सगळं समजलं होतं. खोलीत प्रत्येकाने नाव ओळखलंय हे समजलं होतं. शेजारी बायकोचा श्वास अडकला तेही समजलं होतं. अजूनही काहीतरी गोलमोल बोलून बाहेर पडता आलं असतं. पण कोणीतरी हुंदका दिला, आणि दातवाले पुढे गेले. "तिचा उजवा कान, प्रभू. आमच्या बेबीचा उजवा कान. त्याला स्पर्श कर."

आमेन असा झाला की भिंती हलल्या. पोस्टमास्तरांनी तर त्यांना मिठी मारली, पट्ट्यासकट.

नंतर चहाच्या वेळी त्यांच्याभोवती घोळका झाला. कधीपासून? दोन्ही कान का? डॉक्टर कोण? दातवाल्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "अहो, फक्त प्रार्थना करा. कृपा करून बोलू नका कुठे." सगळ्यांनी माना डोलावल्या. "छे छे, बोलायचं कशाला? मी फक्त आमच्या ताईंना सांगते, त्यांची प्रार्थना फार ऐकली जाते," काकू म्हणाल्या.

घरी जाताना बायको कोपऱ्यापर्यंत दोन पावलं पुढेच चालली. मग म्हणाली, "मला नाही सांगितलंत."

"तिने शपथ घातली होती गं."

"हो ना? मला सांगितलं असतं तर एका माणसाला कळलं असतं. तुम्ही देवाला सांगायला गेलात आणि गाव गोळा करून गेलात. अहो, काय केलंत हे?"

रस्त्यात दातवाल्यांनी स्वतःला समजावलं, की एकमेकांसाठी प्रार्थना करा असं शास्त्रातच आहे. मी काय चहाटळपणा केला? मी प्रार्थना केली. हे समजावणं त्यांना दाराच्या कुलपापर्यंतच पुरलं.

मग सुरू झालं ते प्रेम. रविवारी उपासनेनंतर काकूंनी बेबीताईंना दारातच गाठलं आणि नेमक्या उजव्या कानाशी तोंड नेऊन ओरडल्या, "कशा आहात?" एकाने कानात घालायचं कसलंसं तेल आणून दिलं. एक सद्गृहस्थ शब्द न उच्चारता नुसते ओठ हलवून बोलायला लागले, हातवारे करून. बेबीताईंना वाटलं ह्या गृहस्थांनाच काहीतरी झालंय. शनिवारच्या सरावापर्यंत तिला अंदाज आला होता. त्या दिवशी गायनमंडळ इतक्या मोठ्याने गायलं की खिडक्यांच्या काचा वाजल्या, आणि तिने हात खाली केला तरी ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले, हिला कळलं का, हिला कळलं का म्हणून.

सराव संपवून ती तडक दवाखान्यामागच्या खोलीत आली. स्टुलावर बसली नाही.

"दादा, तू कोणाला सांगितलंस?"

"कोणालाच नाही गं. देवाशपथ." आणि मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली. "मी फक्त प्रार्थना केली."

"मोठ्याने?"

दातवाल्यांच्या हातात मेणाची वडी होती. ती ते बोटांनी दाबत राहिले.

"मोठ्याने केलीस, दादा?"

"बुधवारी. सभेत."

तिचा चेहरा लाल झाला, मग पांढरा पडला. "मला वाटलं, वहिनीला सांगितलं असशील," ती म्हणाली. "मी मनाशी तुला माफसुद्धा करून आले होते. माणूस बायकोला सांगतोच. पण सभेत? का?"

का, ह्याचं उत्तर त्यांना माहीत होतं. पोस्टमास्तरांच्या पट्ट्याला टाळ्या पडल्या होत्या म्हणून. माझी गोणी कोणी ऐकली नाही म्हणून. हे उत्तर त्यांच्या जिभेवर आलं, पण ते इतकं क्षुल्लक होतं की ओठ उघडेनात. त्यांच्या तोंडून निघालं ते भलतंच.

"बेबी, माझं चुकलं. पण बघ, शास्त्रात क्षमेविषयी जे..."

"शास्त्र ठेव बाजूला!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की पुढच्या खोलीतल्या डॉक्टरांचं यंत्र थांबलं. "ते सगळं मला पाठ आहे, मी ते चार चार सुरांत बसवलंय. तू मला तुझ्या तोंडाने सांग. का?"

दातवाल्यांनी मेणाची वडी आणखी दाबली. ती निघून गेली.

आठवडा गेला आणि मंडळीच्या समितीचा निर्णय आला. बेबीताईंनी आता विश्रांती घ्यावी. वर्धापनदिनाचं गीत पियानोवाली मुलगी बसवेल. बेबीताईंना पुढच्या बाकावर मानाची जागा. हे ऐकल्यावर दातवाल्यांनी हातातलं काम टाकलं. एप्रनसकट ते पाळकसाहेबांच्या कचेरीत जाऊन उभे राहिले.

"साहेब, तिचा डावा कान उत्तम आहे. डॉक्टरांनी सांगितलंय. ती माझ्यापेक्षा चांगलं ऐकते."

"बसा, दातवाले, बसा. अहो, आम्ही हे प्रेमापोटीच करतोय."

"तेच सांगायला आलोय. करू नका."

पाळकसाहेब हसले. चांगले मनाचे गृहस्थ होते ते, कपट नव्हतं त्यांच्यात. "मुलं बावरतात हो. सूर चुकला आणि ताईंना कळलंच नाही तर, असं त्यांना वाटतं. आणि इतक्या लोकांपुढे त्यांची फजिती झाली तर तुम्हालाच वाईट वाटेल. खरं तर तुम्ही हा विषय मांडलात म्हणून बरं झालं. नाहीतर बिचाऱ्या एकट्याच सोसत बसल्या असत्या."

ते हसत होते आणि त्यांच्या पुढच्या दातांवर खिडकीचा उजेड पडला होता. ते दात दातवाल्यांनीच बनवले होते. क्षणभर दातवाल्यांच्या मनात असा विचार आला की आता ह्यांच्या दातांचीही अशीच प्रेमळ प्रार्थना करावी भर उपासनेत, म्हणजे कळेल. मग त्या विचाराची त्यांना किळस आली. एकदा केलं ते पुरेसं नव्हतं का?

"साहेब, मी ते सांगायला नको होतं. तिने मला विश्वासाने सांगितलं होतं."

"अरेरे," पाळकसाहेब मनापासून म्हणाले. "पण आता काय, सांगून झालं."

हेच खरं होतं. सांगून झालं होतं.

मग दातवाल्यांच्या डोक्यात एक गोष्ट आली आणि त्यांना मोठा आधार वाटला. एकमेकांजवळ पापं कबूल करा, हाही उतारा आहेच की. वर्धापनदिनाला सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि कबूल करायचं. माझ्या बहिणीचं दुःख मी चव्हाट्यावर मांडलं, स्वतःच्या कौतुकासाठी मांडलं. सगळं सांगायचं, पट्टा, गोणी, सगळं. काय बोलायचं ते त्यांनी दात बसवता बसवता जुळवलंसुद्धा. कुठे थांबायचं तेही. मग ते बेबीच्या घरी गेले.

तिने दार उघडलं, आत घेतलं, पाणी दिलं. माणुसकी सोडली नव्हती तिने. दातवाल्यांनी तिच्या डाव्या बाजूची खुर्ची घेतली आणि आपला बेत सांगितला. तिने पूर्ण ऐकून घेतलं.

"आणि मग काय होईल, दादा?"

"मग लोकांना कळेल की माझं चुकलं."

"मग तू रडशील. मग ते सगळे रडतील. तुझ्या पाठीवरून हात फिरवतील. म्हणतील, केवढा नम्र माणूस. आणि मी पुढच्या बाकावर बसलेली असेन, आणि सगळे वळून वळून माझ्या कानाकडे बघतील." ती चिडलेली नव्हती. तेच जास्त लागलं. "तुला कबूल करायचंय ना? मग आत्ता कर. इथे फक्त मी आहे."

दातवाल्यांनी खाली पाहिलं. ह्या खोलीत कोणी हुंदका देणार नव्हतं. कोणी "हो प्रभू" म्हणणार नव्हतं. जुळवलेले सगळे शब्द कुठे गेले कोण जाणे.

"मला वाटलं, कोणी माझं ऐकत नाहीये," ते म्हणाले. आवाज अगदी साधा, घोगरा निघाला. "सगळे पोस्टमास्तरांचं ऐकत होते. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. तुझं होतं. मधेच मला कळलं होतं, बेबी. थांबता आलं असतं. पण सगळे ऐकत होते, म्हणून मी थांबलो नाही."

ती ऐकत होती. मग तिने मान हलवली.

"बरं," ती म्हणाली. "आता कळलं."

"तू मला माफ..."

"केलं, दादा. माफ केलं." तिने त्यांचा रिकामा पेला उचलला आणि आत जाऊन विसळून ठेवला.

दातवाल्यांना वाटलं, सुटलो.

वर्धापनदिनाला मंडळीचं देऊळ भरलं होतं. पियानोवाली मुलगी गायनमंडळापुढे उभी राहिली. बेबीताई पुढच्या बाकावर, नवी साडी नेसून. दातवाले तिच्या मागच्याच रांगेत होते. गीत चांगलं झालं. फक्त मध्ये एका जागी खालच्या सुराच्या बायका गाणं उचलायला उशीर करतात, नेहमीच करायच्या, तिथे बेबीताईंचा उजवा हात मांडीवरून आपोआप वर आला. त्यांनी तो डाव्या हाताने धरला आणि परत खाली घेतला, आणि गीत संपेपर्यंत तसाच धरून ठेवला. बायकांनी उशीर केला. लोकांच्या ते ध्यानातही आलं नाही. दातवाल्यांनी पुढे काहीही पाहिलं नाही, ते आपल्या बुटांकडे बघत बसले.

काही दिवसांनी ते तिच्याकडे गेले. डावीकडची खुर्ची, पाणी, सगळं तसंच. वाचनालयात नवीन कपाटं आली होती, त्याचं तिने सांगितलं. वहिनीच्या गुडघ्याची चौकशी केली. मग दातवाल्यांनी विचारलं, "डॉक्टरकडे जाऊन आलीस ना? काय म्हणाले?"

"सगळं छान आहे. देवाची कृपा."

"आणि डावा? डावा तपासला?"

"हो. छान आहे सगळं." ती हसली. छान, मोकळं हसली.

हे हसू दातवाल्यांनी पाहिलं होतं. रविवारी देवळाच्या दारात काकूंना, पोस्टमास्तरांना, ओठ हलवणाऱ्या त्या गृहस्थांना, सगळ्यांना ती हेच हसू आणि हेच उत्तर द्यायची. ते तिथे आणखी थोडा वेळ बसले. तिने काय झालं, रात्री झोप लागते का, तो सूं सूं आवाज कमी झाला का, घाबरायला होतं का, ह्यातलं काही सांगितलं नाही. रागाने नाही. त्यांनी दोनदा विषय काढला आणि दोन्ही वेळा तिने अगदी प्रेमाने कपाटांचं बोलणं पुढे नेलं.

पुढच्या बुधवारी सभा पोस्टमास्तरांच्या घरी होती. प्रार्थनेचे विषय सांगायची वेळ आली. कोणाची परीक्षा, कोणाची नोकरी. मग काकू म्हणाल्या, "आणि आपल्या बेबीताई? दुसऱ्या कानालाही काही झालंय असं कोणीतरी म्हणत होतं. काय म्हणाले डॉक्टर? सांगा ना, दातवाले, म्हणजे नीट नाव घेऊन प्रार्थना करता येईल."

दुसऱ्या कानाला? हे दातवाल्यांना नवीनच होतं. सगळे त्यांच्याकडे बघत होते. खोली एकदम शांत झाली होती, त्या दिवशीसारखी.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

"अहो, सख्खे भाऊ तुम्ही!"

"मला माहीत नाही हो."

पोस्टमास्तरांनी हात वर केला. "राहू द्या, काकू. सांगायचं नसेल त्यांना. आणि बरंच आहे ते, घरातलं घरात राहावं." मग त्यांनी दातवाल्यांच्या खांद्यावर थोपटलं. "हे चांगलं केलंत." दोघातिघांनी समजूतदारपणे माना डोलावल्या. शेजारी बसलेली बायको आपल्या हातांकडे बघत होती. हे गुपित राखणं नव्हे, ह्यांना खरंच काही माहीत नाही, हे तिला ठाऊक होतं.

"चला, डोळे मिटू या," काकू म्हणाल्या. सगळ्यांनी डोळे मिटले. दातवाल्यांनीही मिटले. बहिणीचा दुसरा कान चांगला आहे की गेला, हे त्यांना कळायला आता कुठलाच मार्ग नव्हता.